कोटाला पिन लागल्यावर

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातली ही गोष्ट. तिथल्या रोटरी क्लबची सभा गुरुवारी संध्याकाळी साडेसातला भरते आणि हजेरीची वही दाराजवळच्या टेबलावर असते. बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले, गाव ज्यांना आजही ‘साहेब’च म्हणतं, असे एक सदस्य. त्यांच्या हातात ही वही जून महिन्यात आली. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतं आणि येणाऱ्या वर्षासाठी सदस्यता समितीचं काम साहेबांनी अंगावर घेतलं होतं. सवयीप्रमाणे त्यांनी पट्टी घेतली, आदल्या जुलैतल्या पदग्रहण समारंभात सदस्य झालेल्या नऊ जणांची नावं शोधली आणि एकेक ओळ वाचत गेले. ऑगस्टअखेर नऊच्या नऊ सह्या होत्या. दिवाळीनंतर पाच. संक्रांतीनंतर दोन.

दोन वर्षं खातेदारानं व्यवहार केला नाही की बँक ते खातं निष्क्रिय धरते. पण कोणतंही खातं एका दिवसात निष्क्रिय होत नाही, हे साहेबांनी नोकरीत पाहिलं होतं. आधी पगार दुसऱ्या बँकेत वळतो, मग पासबुक भरून घ्यायला येणं थांबतं, मग बँकेनं पाठवलेलं पत्र ‘पत्ता बदलला’ असा शेरा घेऊन परत येतं. काउंटरवरच्या माणसाचं लक्ष असेल तर पहिल्याच पायरीला कळतं. वहीतल्या त्या सात ओळी त्यांना तशाच वाटल्या. सह्या थांबल्या त्या वेळी कुणाचंच लक्ष नव्हतं.

क्लबमध्ये या गळतीचं एक ठरलेलं उत्तर होतं: हल्ली लोकांना वेळ नसतो. साहेबांना ते पटेना. वेळ नव्हता तर ही माणसं पहिले दोन महिने कशी आली? त्यांनी सातही जणांना भेटायचं ठरवलं. फोनवर नाही, घरी किंवा दुकानात, समोर बसून.

पहिला भेटला तो इमारतींच्या आरसीसी डिझाइनचं काम करणारा तरुण अभियंता. पदग्रहणाच्या दिवशी त्याला व्यासपीठावर बोलावलं, शपथ दिली, कोटाला पिन लावली, टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. निमंत्रणपत्रिकेत नावाआधी ‘रो.’ म्हणजे रोटेरियन असं छापून आलं म्हणून त्याच्या आईनं ती पत्रिका जपून ठेवली होती. पुढच्या गुरुवारी तो सभेला गेला तेव्हा चार-चार, पाच-पाच खुर्च्यांची कोंडाळी आधीच जमलेली होती. वीस-पंचवीस वर्षांचा स्नेह, एकमेकांच्या मुलांच्या लग्नांचे विषय. “साहेब, मी दोन महिने मागच्या रांगेत बसलो. मग एका गुरुवारी साइटवर स्लॅब होता, म्हणून आलो नाही. कुणी विचारलं नाही. पुढच्या गुरुवारी काही काम नव्हतं, तरी आलो नाही.”

दुसऱ्या होत्या दंतवैद्य डॉक्टर. त्यांच्या दवाखान्याची वेळ संध्याकाळी सहा ते नऊ आणि सभा साडेसातची. सदस्य करून घेताना हा साधा हिशेब कुणी मांडला नाही. तरीही गुरुवारचे पेशंट पुढं ढकलून त्या येत राहिल्या, कारण त्यांना आसपासच्या जिल्हा परिषद शाळांतल्या मुलांचे दात तपासायचे होते. तसं त्यांनी दोनदा बोलूनही दाखवलं. “बघू” असं उत्तर मिळालं. पाहुणे आले की स्वागताचा पुष्पगुच्छ द्यायला मात्र त्यांनाच उभं केलं जाई. “मी डॉक्टर म्हणून आले होते हो,” एवढंच त्या म्हणाल्या.

तिसरे कृषी सेवा केंद्राचे मालक. त्यांचा मुद्दा पैशांचा निघेल, असं साहेबांना वाटलं होतं आणि तो निघालाही, पण वेगळ्या अंगानं. वर्गणी त्यांना आधी सांगितलेली होती. नंतर पदग्रहणाच्या जेवणाचा वाटा आला, मग एका प्रकल्पाची देणगी, मग परिषदेचं नोंदणी शुल्क. “पैसे द्यायला माझी ना नव्हती. पण दर वेळी फोन आला तो पैशासाठीच. काम कसं चाललंय ते बघायला या, असा एकही फोन नाही.”

उरलेल्या चौघांपैकी एका अधिकाऱ्यांची बदली झाली होती. एकाच्या वडिलांना पक्षाघात झाला होता आणि सहा महिने तो घर आणि इस्पितळ यांत अडकला होता. क्लबमधल्या कुणाला हे माहीतही नव्हतं. राहिलेल्या दोघांना सदस्य व्हायचंच नव्हतं. तत्कालीन पदाधिकाऱ्यांना वर्षाचा आकडा गाठायचा होता, मित्रांनी गळ घातली, पहिली वर्गणीही मित्रांनीच भरली.

सातांपैकी एकानंही सेवेच्या कामाला नावं ठेवली नाहीत, ही गोष्ट साहेबांना सर्वांत जास्त लागली. ज्यांना काम हवं होतं, त्यांच्यापर्यंत ते पोहोचलंच नव्हतं.

रोटरीचा जन्म आठवला की हे अधिकच खटकतं. पॉल हॅरिस व्हरमाँट राज्यातल्या वॉलिंगफोर्ड नावाच्या छोट्या गावात आजी-आजोबांजवळ वाढला. वकिली करायला तो १८९६ मध्ये शिकागोत आला. कामाचे दिवस जात, पण रविवार खायला उठे. ज्या गावात सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, तिथून आलेल्या माणसाला त्या अवाढव्य शहरात कुणी ओळखत नव्हतं. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी युनिटी बिल्डिंगमधल्या ७११ क्रमांकाच्या खोलीत चार माणसं जमली. हॅरिस वकील, सिल्व्हेस्टर शील कोळशाचा व्यापारी, गुस्टाव्हस लोअर खाण अभियंता, हायरम शोरी शिंपीकामाचा व्यावसायिक. एकेका व्यवसायातला एकेक माणूस घ्यायचा, आळीपाळीनं प्रत्येकाच्या कचेरीत भेटायचं, असं ठरलं. त्या आळीपाळीवरून ‘रोटरी’ हे नाव पडलं. तो दिवसही गुरुवारच होता.

म्हणजे ही संघटना शहरात नव्यानं आलेल्या, एकट्या पडलेल्या माणसानं स्वतःसाठी आणि आपल्यासारख्यांसाठी काढली. सेवेचा पहिला मोठा प्रकल्प, शिकागोतल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांचा, त्यानंतर दोनेक वर्षांनी हाती आला. आधी ओळखी झाल्या, मग त्या ओळखींतून काम उभं राहिलं. आणि टिकण्याचा प्रश्न अगदी त्या पहिल्या खोलीपासूनचा आहे. चौघांपैकी लोअर आणि शोरी हे दोघं काही वर्षंच सदस्य राहिले. शील पहिला अध्यक्ष झाला आणि शेवटपर्यंत टिकला. पाचवा आलेला हॅरी रगल्स हा छापखान्याचा मालक. सभेत सगळ्यांनी मिळून गाणी म्हणायची प्रथा त्यानं सुरू केली. अनोळखी माणसं एका सुरात गाऊ लागली की त्यांच्यातला संकोच जातो, हे त्याला उमगलं होतं.

रोटरी क्लब कोलकात्यात १९१९ मध्ये आणि मुंबईत १९२९ मध्ये आला. पुढं महाराष्ट्रात तो जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. त्या प्रवासात शपथ, पिन, पदग्रहण, प्रांतपालांची (रोटरीच्या विभागीय प्रमुखांची) भेट हे सगळं नीट आलं. शेजारी बसवून घेणं मात्र प्रत्येक गावाला नव्यानं शिकावं लागतं.

आपल्याकडे ते शिकवणाऱ्या जागा आहेत. पंढरीच्या वाटेवर दिंडीत नवखा माणूस आला तर त्याला कडेला उभं करून बघायला लावत नाहीत. हातात टाळ देतात आणि पाऊल कसं टाकायचं ते शेजारचा चालता चालता दाखवतो. पुण्याच्या ढोल-ताशा पथकांत नवी मुलं गणपतीच्या कितीतरी आठवडे आधी सरावाला येतात, ढोल आवळायला शिकतात, सामान उचलतात. गल्लीतल्या गणेश मंडळाचा आजचा अध्यक्ष कधीतरी मांडवाच्या बांबूला सुतळी बांधणारा पोरगा असतो. या ठिकाणी ओळख करून देण्याचा वेगळा कार्यक्रम लागत नाही, कारण पहिल्या दिवशीच काहीतरी हातात पडतं.

जुलैच्या पहिल्या बैठकीत साहेबांनी सातही भेटींचा वृत्तान्त वाचून दाखवला. सभागृहात थोडी नाराजी उमटली. “आम्हाला कुणी हात धरून बसवलं होतं?” असं एका ज्येष्ठांनी विचारलं. उत्तर आलं ते क्लबच्या स्थापनेपासूनच्या, ऐंशीच्या पुढच्या सदस्याकडून. त्यांनी सांगितलं, “मला बसवलं होतं. आपले पहिले अध्यक्ष दर गुरुवारी स्कूटर घेऊन माझ्या दुकानासमोर यायचे आणि हॉर्न वाजवायचे. शटर ओढेपर्यंत थांबायचे. सहा महिने आले. सातव्या महिन्यात मी त्यांच्या आधी सभेला पोहोचलो.” नाराजी तिथं संपली. काही नवं आणायचं नव्हतं, सुटलेलं परत धरायचं होतं.

मग नियम ठरले. सदस्य होऊ इच्छिणाऱ्यानं आधी तीन सभांना आणि एका प्रकल्पाला पाहुणा म्हणून यायचं, मग अर्ज. वर्षाचा एकूण खर्च किती येतो, कुठं सक्ती आहे आणि कुठं ऐच्छिक, हे एका कागदावर लिहून आधीच हातात द्यायचं. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला तीन प्रश्न: तुम्हाला कोणत्या वारी, किती वाजता सवड असते, कोणतं काम करावंसं वाटतं, कोणतं नको. पूर्वी सूचक म्हणून सही केली की सूचकाचं काम संपायचं. आता सहा महिने नव्या सदस्याला सोबत आणणं, आपल्या शेजारी बसवणं आणि दर वेळी निदान दोन नव्या माणसांशी त्याची गाठ घालून देणं हे सूचकाकडे आलं. पहिल्या सहा आठवड्यांत नव्या माणसाकडे एक नेमकं काम असलंच पाहिजे. लागोपाठ दोन गुरुवार कुणी दिसलं नाही तर शनिवारपर्यंत त्याच्या घरी कुणीतरी जायचं, आणि वर्गणीचा विषय काढायचा नाही.

वेळेचा प्रश्नही सुटला. २०१६ मध्ये रोटरीच्या नियम ठरवणाऱ्या परिषदेनं क्लबांना सभांच्या बाबतीत मोकळीक दिली आहे. महिन्यातून किमान दोनदा भेटावं, बाकी क्लबनं आपल्या सोयीनं ठरवावं. त्याचा फायदा घेऊन महिन्यातल्या दोन सभा गुरुवारी संध्याकाळी ठेवल्या आणि एक रविवारी सकाळी आठ वाजता, जिथं काम चालू असेल तिथं. डॉक्टरांना रविवार जमत होता. बायकांसाठी रोटरीचं दार मुळातच उशिरा उघडलं. शिकागोच्या त्या खोलीत एकही बाई नव्हती आणि पुढं आठ दशकं नियमानंच नव्हती. कॅलिफोर्नियातल्या ड्युआर्टे इथल्या क्लबनं १९७७ मध्ये महिलांना सदस्य करून घेतलं म्हणून त्याची सनद काढून घेतली गेली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, १९८७ मध्ये क्लबच्या बाजूनं निकाल लागला आणि १९८९ पासून जगभर दार उघडलं. पण नियमानं दार उघडलं तरी सभेची वेळ बायकांच्या दिवसाला सोयीची नसेल तर ते दार अर्धंच उघडं राहतं.

खरी कसोटी लागली ती नोव्हेंबरात, ओढ्यावरच्या बंधाऱ्याला. तालुक्याच्या पूर्वेकडच्या, कमी पावसाच्या एका गावात वनराई बंधारा घालायचा होता. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेनं ही पद्धत महाराष्ट्रभर रुजवली: पावसाळा सरला पण ओढा अजून वाहतोय, अशा वेळी रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून त्यांची भिंत रचायची. खर्च थोडा, श्रम भरपूर. साहेब पुन्हा एकदा त्या कृषी सेवा केंद्रात गेले आणि या खेपेस पैसे मागितले नाहीत. “गोण्या लागतील आणि माणसं कशी लावायची ते सांगणारा कुणीतरी लागेल. तुम्ही या.”

ते आले, आणि शेकडो रिकाम्या गोण्या घेऊन आले. रविवारी सकाळी वकील, डॉक्टर, सराफ अशी मंडळी गोण्या काठोकाठ भरत होती. केंद्राच्या मालकांनी सगळ्यांना थांबवलं. काठोकाठ भरलेली गोणी गोल राहते, दोन गोण्यांत फट पडते आणि पाणी तिथून जातं. पाऊण भरायची, दाभणानं तोंड शिवायचं, मग ती दाबली की पसरून बसते. गवंडी विटा रचतो तशा वरच्या थरातल्या गोण्या खालच्या थरातल्या सांध्यांवर यायला हव्यात. फटींत चिकणमाती. गावातल्या निम्म्या शेतकऱ्यांना ते नावानं ओळखत होते. त्यांनी हाक मारली की माणसं खोरं घेऊन येत. दुपारी दोनपर्यंत भिंत उभी राहिली आणि संध्याकाळी पाणी मागं तुंबू लागलं. जेवणाच्या पंगतीत ज्येष्ठ मंडळी त्यांच्याभोवती बसली होती. वर्षभर क्लबमध्ये त्यांची ओळख ‘देणगी देणारे’ अशी होती. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा व्यवसाय क्लबच्या उपयोगी पडला.

डॉक्टरांचं काम याहून शांतपणे सुरू झालं. एका जिल्हा परिषद शाळेत महिन्यातून एक रविवार, शिक्षकांनी मुलांना बोलावून घ्यायचं, डॉक्टरांनी तपासायचं आणि सदस्यांनी प्रत्येक मुलाचं कार्ड लिहायचं. कार्ड लिहिणाऱ्यांत वडिलांच्या आजारपणात गुंतलेला तो सदस्यही होता. साहेब त्याच्या घरी जाऊन बसले होते, वडिलांची चौकशी करून परतले होते. क्लबचं नावही काढलं नव्हतं. पुढच्या महिन्यात तो आपण होऊन आला.

याच काळात साहेबांनी आणखी एक उद्योग केला. वीस वर्षांहून जास्त काळ टिकलेल्या सदस्यांना त्यांनी विचारलं, तुम्ही का थांबलात? पिनेची किंवा पदांची आठवण कुणीच सांगितली नाही. बहुतेकांनी पल्स पोलिओचा बूथ सांगितला. रोटरीनं पोलिओ निर्मूलनाचा कार्यक्रम १९८५ मध्ये हाती घेतला आणि भारतात १९९५ पासून पल्स पोलिओच्या मोहिमा सुरू झाल्या. रविवारी सकाळी बूथवर बसायचं, बाळाच्या तोंडात दोन थेंब पडले की डाव्या करंगळीला शाईची खूण करायची, न आलेल्या घरांची यादी धरून दुसऱ्या दिवशी दारोदार जायचं. देशातला नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. त्या कामात शाईची बाटली आपल्या हातात होती, हे त्या सदस्यांना आजही सांगावंसं वाटतं. त्यातले बरेच जण बूथवर बसले तेव्हा क्लबमध्ये येऊन त्यांना वर्षही झालेलं नव्हतं.

आकड्यांचा विषय निघाला की साहेबांचा सूर कडक होतो. जगभरातली रोटरीची सदस्यसंख्या गेली वीसेक वर्षं बारा लाखांच्या आसपास फिरते आहे. दरवर्षी लाखाहून जास्त नवी माणसं येतात आणि जवळपास तेवढीच जातात. कोलकात्याचे शेखर मेहता २०२१-२२ मध्ये जागतिक अध्यक्ष होते. प्रत्येकानं एक सदस्य आणावा, असं आवाहन त्यांनी केलं होतं. साहेबांच्या मते असं आवाहन वाचताना ‘आणा’ या शब्दावर थांबणं ही क्लबांची चूक. बँकेत मार्चअखेरीला ठेवी फुगवल्या की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या परत जातात, हे त्यांनी अनेकदा पाहिलं होतं. क्लबला १ जुलै आणि १ जानेवारी रोजी जितके सदस्य असतील तितक्यांची वर्गणी वर भरावी लागते. नावापुरत्या सदस्यासाठी क्लब पैसे मोजतो, त्याबदल्यात एक रिकामी खुर्ची मिळते आणि गावात एक माणूस तयार होतो जो पुढं दहा जणांना सांगतो की तिथं काही अर्थ नाही. म्हणून त्यांनी पुढच्या वर्षी कुणाच्याही आग्रहाला न जुमानता फक्त पाच अर्ज पुढं पाठवले.

सगळेच परतले असं नाही. आरसीसीवाला अभियंता आला नाही. त्याचे गुरुवार आता गडकोट भटकणाऱ्या मित्रमंडळाच्या बैठकीत जातात आणि तिथं तो खूश आहे. शाळेच्या स्वच्छतागृहाचं डिझाइन मात्र त्यानं विनामूल्य करून दिलं, आणि आराखड्याच्या कोपऱ्यात क्लबचं नाव स्वतःहून लिहिलं. बदली झालेल्या अधिकाऱ्यांच्या नव्या गावातल्या क्लबला साहेबांनी पत्र लिहिलं. त्यांना कोणत्या कामात रस आहे आणि त्यांना कोणती वेळ जमते, तेही त्यात कळवलं. ज्या दोघांना यायचंच नव्हतं, त्यांची नावं आभार मानून कमी केली. जाणाऱ्या माणसालाही नीट निरोप मिळाला तर तो गावात क्लबबद्दल चार शब्द बरे बोलतो.

त्या पाच नव्या सदस्यांचं पदग्रहण जुलैच्या दुसऱ्या गुरुवारी झालं. व्यासपीठावर या वेळी सूचकांनाही बोलावलं होतं. एका तरुण औषधविक्रेत्याच्या कोटाला पिन लावायला कृषी सेवा केंद्राचे मालक उभे होते आणि संगणक केंद्र चालवणाऱ्या एका बाईंच्या शेजारी दंतवैद्य डॉक्टर. कार्यक्रम संपला, फोटो झाले, आणि जेवायला बसताना दोघंही आपापल्या नव्या माणसाला घेऊन आधीच भरत आलेल्या टेबलाकडे गेले. तिथं दोन खुर्च्या जास्तीच्या लावलेल्या होत्या.

यंदाच्या जूनमध्ये साहेबांनी पुन्हा पट्टी घेऊन वही तपासली. पाचही ओळींत शेवटच्या गुरुवारपर्यंत सह्या आहेत. एका ओळीत मार्चमधल्या दोन सह्या नाहीत. तिथं समासात पेन्सिलीनं लिहिलं आहे: ‘मुलीची बारावीची परीक्षा. घरी जाऊन आलो.’